गाजरगवत

दर शनिवारी दापोडीचा पूल ओलांडून
सायकल हातात धरून चालत येतो मी
खडकीच्या कबरस्थानात.
चढ आता झेपत नाही.

मंडळीचा खजिनदार होतो अठरा वर्षं.
किर्द माझ्या हातची,
अक्षर असं, की पाळकसाहेब पाहुण्यांना दाखवायचे.
त्याच अक्षरात एका पानावर लिहिलंय :
शवपेटी, सागवानी, कै. शांतवन रणभिसे.
नावे रुपये नऊ हजार.

पेटी प्लायवूडची होती, वरून पॉलिश.
चार हजारांत झाली.
उरलेल्यात पोराच्या क्लासची फी भरली
आणि, हेही सांगून टाकतो,
एक घड्याळ घेतलं, स्वतःला.
फीचं आधी सांगितलं, कारण फी लोकांना पटते.

सात वर्षं
प्रभुभोजनाला भाकर घेताना
डावा हात बाहीत ओढून घ्यायचो.
भजनात मात्र सूर चोख लागायचा.
वाटायचं, एकदा तरी घसा बसावा.

मग एका उपवासकाळात गेलो
बोपोडीला, दीनाबाईंच्या खोलीवर.
पाकिटात मुद्दल, आणि दसादशे बारानं सात वर्षांचं व्याज :
नऊ हजार दोनशे, सुटे करून.

त्या गवार मोडत बसल्या होत्या.
मी बोलत राहिलो, शेंगा मोडत राहिल्या.
मग म्हणाल्या,
"माहीत होतं.
खांदा दिला तेव्हाच माझा भाऊ म्हणाला,
ताई, पेटी हलकी लागली.
मी म्हटलं, माणूसच झिजला होता रे."

पुन्हा एक शेंग.
"दोन वर्षं रोज रात्री शिव्या दिल्या तुम्हाला.
नाव घेऊन.
मग दमले.
नावाची सवय राहिली तोंडाला,
तेच प्रार्थनेत घ्यायला लागले."

पाकीट घेतलं त्यांनी. मोजलं.
(मला वाटलं होतं, घेणार नाहीत.
गोष्टीत घेत नाहीत.)
पाच हजार डब्यात ठेवले,
बाकीचे माझ्याकडे सरकवले :
"व्याज लावणं बंद करा आता."

खतावणीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं
मला आजही ठाऊक नाही.

मंडळीपुढे उभा राहिलो. किर्द दुसऱ्याकडे गेली.
पाटोळे अजून हात मिळवताना
माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतात.
बरोबर आहे त्यांचं.
घड्याळ जुन्या बाजारात विकलं, दीडशेला,
आणि ते दीडशे खिशात घेऊन
संध्याकाळभर मंगळवार पेठेत हिंडलो.

वाटलं होतं, सांगितलं की संपलं.
शांतवनच्या कबरीभोवती गाजरगवत माजलं होतं,
नुसत्या हातांनी उपटलं सगळं, मुळासकट.
रात्री कोपरापर्यंत पुरळ,
आणि पंधरा दिवसांत
तेवढंच गवत, तितकंच हिरवं, जणू मी आलोच नव्हतो.

दीनाबाईंनी माझे हात पाहिले.
आतून हातमोजे आणले,
शांतवनचे, एसटीच्या वर्कशॉपातले, वेल्डिंगचे,
जाड कातड्याचे, अंगठ्याशी जळालेले.
"पडून होते," एवढंच म्हणाल्या.

मागच्या रविवारी उपासनेनंतर
नवा खजिनदार, पोरगेलासा,
वर्गणीचं पाकीट बाकावर विसरून पाणी प्यायला गेला.
किती असतील, हे मला जाडीवरून कळलं.
न मोजता.
आपोआप.
आणि हात नाही, पण बोटं हलली.

त्याला हाक मारली. "नीट ठेवत जा," म्हणालो.
तो हसला. त्याला कुठं माहीत,
मी त्याला सांगत नव्हतो.

गाजरगवत फुलावर यायच्या आत काढायचं,
एवढं शिकलोय.
पांढरं फूल दिसलं, की उशीर झाला समजायचं
आणि तरी काढायचं.

शनिवार. सकाळचे आठ.
दीनाबाईंनी भरलेली पाण्याची बाटली कबरीच्या कडेला.
मी वाकतो.

हातमोजे सैल होतात मला.
माझी बोटं अजून टोकापर्यंत पोचत नाहीत.
तसेच घालतो.